एकच साथ, निरनिराळे ताण

कोविडची साथ ओसरून काही वर्षे लोटली, तरी त्या काळाविषयीची पत्रे या सदराकडे अजूनही येत असतात. या अंकासाठी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली काही पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण साथ, निर्बंध आणि बातम्या सगळ्यांना सारख्याच असताना एकाला ताण असह्य का झाला आणि दुसऱ्याला का झाला नाही, हा प्रश्न त्या सर्वांच्या मुळाशी आहे. पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये म्हणून मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मार्च २०२० नंतर जवळजवळ दीड वर्ष मी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवल्या, दाराची कडी दिवसातून कितीदा तरी पुसली आणि रात्री झोपेतून उठून घरातल्या प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहिला. माझे पती त्याच घरात, त्याच बातम्या ऐकून शांत झोपत असत. ते मला घाबरट म्हणत आणि मी त्यांना बेफिकीर म्हणे. साथ गेली, पण तो शब्द मनातून जात नाही. मी खरोखरच कमकुवत मनाची आहे का? (गृहिणी, नौपाडा, ठाणे)

उत्तर : नाही, आणि हे उत्तर मी केवळ तुमचे समाधान व्हावे म्हणून देत नाही. ताण हा संकटातून थेट आपल्यात उतरत नाही. संकट आणि ताण यांच्यामध्ये आपण स्वतः केलेले मूल्यमापन असते. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार मन दोन प्रश्न विचारत असते : यात माझे काय पणाला लागले आहे, आणि त्यावर मला काय करता येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘सर्वस्व’ असे आले आणि दुसऱ्याचे ‘फारसे काही नाही’ असे आले, की ताण टोकाला जातो. तुमच्या घरात तुम्ही आणि तुमचे पती एकच बातमी ऐकत होतात, पण या दोन प्रश्नांची तुमची उत्तरे वेगळी होती.

ती वेगळी का होती, याचा एक भाग स्वभावात सापडतो. मानसशास्त्रज्ञ व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मोठे गुण मानतात, त्यांत धोक्याची चाहूल लवकर लागणे, चिंता पटकन पेटणे आणि उशिरा विझणे, हा एक गुण आहे. त्याला न्यूरॉटिसिझम असे अवघड आणि काहीसे अन्यायकारक नाव आहे. साथीच्या काळात वेगवेगळ्या देशांत जे अभ्यास झाले, त्यांत जाणवणाऱ्या ताणाशी सर्वांत सातत्याने जोडलेला स्वभावगुण हाच होता. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांवरून अशा गुणांतील फरकांचा साधारण ४० ते ५० टक्के वाटा अनुवंशाचा असल्याचे दिसते. म्हणजे तुम्ही तो निवडला नव्हता, आणि तुमच्या पतींनीही त्यांची शांत झोप स्वकष्टाने कमावलेली नव्हती.

शिवाय तुमच्या पत्रात दुसराही एक गुण स्पष्ट दिसतो, तो म्हणजे कर्तव्यदक्षता. जबाबदारी अंगावर घेणारी, नियम मनापासून पाळणारी माणसे या गुणाची असतात आणि साथीत मास्क, अंतर, विलगीकरण या गोष्टी काटेकोरपणे पाळणाऱ्यांतही तीच अधिक होती. पृष्ठभागांवरून होणारा संसर्ग हवेतून होणाऱ्या संसर्गाच्या मानाने फार कमी असतो, हे पुढे स्पष्ट झाले, पण एप्रिल २०२० मध्ये ते कोणालाच खात्रीने ठाऊक नव्हते. त्या वेळच्या माहितीनुसार दुधाची पिशवी धुणे हे शहाणपणाचेच होते. आपल्याकडे संकटात न डगमगणाऱ्याचे फार कौतुक होते आणि ज्याच्या काळजीमुळे घर सावध राहते, त्याच्या वाट्याला मात्र चेष्टा येते. मला ही वाटणी योग्य वाटत नाही.

आता ऑक्सिमीटरविषयी. पिशवी धुऊन झाली की काम संपत होते, पण रात्री उठून पाहिलेला आकडा मात्र पुढच्या दोन तासांचीही हमी देत नव्हता, म्हणून तो पुन्हा पाहावा लागे. अनिश्चितता मनाला निश्चित वाईटापेक्षाही जास्त जाचते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सहभागींना पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचे होते आणि साप निघाल्यास हाताला विजेचा झटका बसत असे. झटका बसणार हे पक्के ठाऊक असतानाच्या तुलनेत तो बसण्याची शक्यता निम्मी असताना घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून मोजलेला ताण अधिक होता. तुम्ही त्या निम्म्या शक्यतेत दीड वर्ष राहिलात. पुन्हा कधी तशी वेळ आली, तर तपासणीच्या दोन वेळा आधीच ठरवाव्यात, आकडा वहीत लिहावा आणि त्या दोन वेळांपैकी एक पतींच्या जबाबदारीची असावी. त्यांना तुमच्या काळजीची गरज होती. तुम्हालाही त्यांच्या शांतपणाचा उपयोग झाला असता, पण ‘घाबरट’ आणि ‘बेफिकीर’ या दोन शब्दांमुळे ही देवाणघेवाण राहून गेली. हे पत्र त्यांनाही वाचायला द्यावे, असे मला वाटते.

प्रश्न : माझा एपीएमसीमध्ये घाऊक भाजीचा गाळा आहे. मे २०२० मध्ये मार्केट आठवडाभर पूर्ण बंद होते, ते दिवस सोडले तर मी बहुतेक काळ रात्री आवकेच्या वेळी मार्केटात उभा होतो. ‘नशिबात असेल ते होईल’ असे म्हणून जात होतो आणि खरे सांगायचे तर मला फारसा ताण जाणवला नाही. माझा मुलगा मानसशास्त्र शिकतो. तो म्हणतो की, जे लोक नशिबावर सोडतात ते संकटात जास्त खचतात. मग मी का खचलो नाही? (व्यापारी, वाशी)

उत्तर : तुमच्या चिरंजीवांनी जे वाचले आहे ते बरोबर आहे, पण ते अर्धे आहे. ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये असे मांडले की, आयुष्यात जे घडते त्याची सूत्रे आपल्या प्रयत्नांत आहेत असे काही जण मानतात, तर काही जण ती नशिबात किंवा इतरांच्या हातात आहेत असे मानतात. पहिल्यांचे नियंत्रणाचे केंद्र आंतरिक आणि दुसऱ्यांचे बाह्य, असे म्हटले जाते. असंख्य अभ्यासांत आंतरिक केंद्र असणाऱ्यांना ताण सरासरीने कमी जाणवल्याचे दिसले आणि कोविडच्या काळातील अनेक पाहण्यांतही तसेच चित्र होते. आपल्या भाषेत ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ आणि ‘प्रयत्नांती परमेश्वर’ या दोन्ही म्हणी शेजारी शेजारी नांदतात, त्या याच दोन टोकांच्या आहेत.

परंतु ‘बाह्य’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या भावना कोंबल्या गेल्या आहेत, हे हॅना लेव्हन्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. सूत्रे दैवाच्या हातात आहेत असे मानणे वेगळे आणि ती सत्ता असलेल्या माणसांच्या हातात आहेत असे मानणे वेगळे. रोज नवा आदेश काढणारे कार्यालय, पगार कापणारा मालक, बेड मिळेल की नाही हे ठरवणारा कोणी अनोळखी माणूस यांच्या हातात आपण आहोत, ही भावना माणसाला आतून कुरतडते, कारण तिच्यात अपमान आणि संताप मिसळलेला असतो. दैव मात्र कोणाचा पक्षपात करत नाही, अशी श्रद्धा असलेल्या माणसाला दैवावर रागवावे लागत नाही. जॉन वाइझ, फ्रेड रॉथबॉम आणि सॅम्युएल स्नायडर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात याला दुय्यम नियंत्रण म्हटले आहे : परिस्थिती बदलता येत नसेल तेव्हा स्वतःला तिच्याशी जुळवून घेणे. हाही नियंत्रणाचाच प्रकार आहे, आणि ‘दुय्यम’ या नावामुळे त्याला कमी लेखू नये.

दुसरे असे की, तुम्ही नशिबाचे नाव घेत होतात, पण तुमचे हात रिकामे नव्हते. गाडी कधी लागली, माल कुठे उतरवायचा, भाव काय काढायचा, माथाडी कामगारांपैकी कोण आले आणि कोण गावी गेले, हे रात्रभर तुम्हीच ठरवत होतात. ज्यांचे सगळे व्यवहार थांबले आणि ज्यांना घरात बसून बातम्यांखेरीज काही करता येत नव्हते, त्यांच्यापेक्षा तुमच्या वाट्याला धोका जास्त होता आणि अगतिकता कमी होती. ताण बहुतेक वेळा अगतिकतेच्या मापाने वाढतो, धोक्याच्या मापाने नव्हे, आणि म्हणूनच तो धोक्याचे विश्वसनीय माप नाही.

शेवटच्या वाक्याकडे मी तुमचे लक्ष मुद्दाम वेधते. तुम्हाला ताण आला नाही, यावरून तुम्ही सुरक्षित होतात असे ठरत नाही. नशिबावर विसंबून जे मास्क लावून मार्केटात गेले आणि नशिबावर विसंबून जे मास्कशिवाय गेले, त्यांच्या मनाची शांतता सारखीच असेल, पण त्यांच्या घरी परतण्याचा अर्थ सारखा नव्हता. स्वीकार हवा तो निकालाचा. त्याआधीच्या खबरदारीत नशिबाला जागा देऊ नये.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. स्वभावाने एकलकोंडा असल्यामुळे टाळेबंदी मला मानवेल असे सगळे म्हणत. प्रत्यक्षात घरून काम करताना माझे जेवढे हाल झाले तेवढे कधीच झाले नव्हते. असे का? (अभियंता, ऐरोली)

उत्तर : अंतर्मुख माणसांना साथ सोपी गेली आणि बहिर्मुख माणसांना अवघड, हा समज त्या काळात फार पसरला होता. अभ्यासांचे निष्कर्ष मात्र इतके सरळ नाहीत. काही ठिकाणी अंतर्मुख लोकांचेच हाल अधिक झाल्याचे दिसले. अंतर्मुख माणसाला लागतो तो एकांत, आणि एकांत म्हणजे दार लावून घेण्याची सोय. एका बेडरूमच्या घरात आईवडील, भावंडे, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या खोलीतला ऑनलाइन वर्ग यांच्यात बसून काम करताना तुमचा तोच आधार गेला. एरवी लोकलच्या गर्दीत, कानात हेडफोन घालून उभे राहिल्यावर मिळणारा तासही गेला.

त्यात कामाची भर पडली. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये असे मांडले की, काम जड असणे एवढ्याने माणूस खचत नाही. कामाचा भार जास्त आणि ते कसे, कधी करायचे हे ठरवण्याची मोकळीक कमी, असा योग आला की तो खचतो. मोकळीक असेल तर जड कामातूनही माणूस शिकतो. घरून काम करताना बैठका कधीही लागू लागल्या आणि दिवस कुठे संपतो हे तुमच्या हातात उरले नाही. तुमच्या कंपनीत अजूनही आठवड्यातले काही दिवस घरून काम असेल, तर दिवस किती असावेत यापेक्षा ते दिवस आणि त्या दिवसांतले तास ठरवण्याचा अधिकार मागा.

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये पेन्शनच्या कामासाठी मी वडिलांना बँकेत घेऊन गेलो. चार दिवसांनी त्यांना ताप आला. एका रात्रीत जितके फोन करता येतील तितके केले, दुसऱ्या दिवशी बेड मिळाला, पण आठवड्याने वडील गेले. मी आयुष्यात जे मिळवले ते स्वतःच्या हिमतीवर मिळवले आहे आणि ‘मनात आणले तर काहीही करता येते’ असेच मुलांना शिकवत आलो. आता मला वाटते की, त्या दिवशी बँकेत नेले नसते तर ते वाचले असते. हा विचार एक दिवसही सुटत नाही. (नोकरदार, कळवा)

उत्तर : तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. तुमच्या वडिलांच्या जाण्याचे दुःख आणि त्यांच्या जाण्याचा दोष या दोन गोष्टी तुमच्या मनात एक झाल्या आहेत. दुःख तुमचे आहे आणि ते राहणार. दोष तुमचा नाही.

ज्या श्रद्धेने तुम्हाला घडवले, तीच येथे तुमच्यावर उलटली आहे. सूत्रे आपल्या हातात आहेत असे मानणाऱ्या माणसाला एरवी ताण कमी जाणवतो, कारण पुढे काय करता येईल हे तो शोधत राहतो. परंतु जिथे करण्यासारखे खरोखरच थोडे असते, तिथे हीच श्रद्धा जे घडले त्याची जबाबदारीही आपल्याच खांद्यावर टाकते. यश माझ्यामुळे आले असेल तर अनर्थही माझ्यामुळेच आला असला पाहिजे, असे तिचे तर्कशास्त्र असते. फोकमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या मुद्द्यावर भर दिला तो हाच : बदलता येण्यासारख्या परिस्थितीत प्रयत्नांचा मार्ग ताण हलका करतो, आणि बदलता न येणाऱ्या परिस्थितीत तोच मार्ग माणसाला झिजवतो. कोणतीही एक वृत्ती सर्वकाळ चांगली नसते. ती समोरच्या परिस्थितीशी जुळावी लागते.

दुसरी एक गोष्ट स्मृतीची. निकाल कळल्यानंतर तो आधीच दिसत होता असे आपल्याला वाटू लागते. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये प्रयोगांनी हे दाखवले, आणि त्यातला विशेष हा की, आपण असे करत आहोत याची माणसाला जाणीवही नसते. आज तुम्हाला तो बँकेचा दिवस इतर दिवसांपेक्षा वेगळा, जणू लाल शाईने लिहिलेला दिसतो. त्या सकाळी तो तसा नव्हता. ज्या आठवड्यात तुम्ही वडिलांना बँकेत नेले, त्या आठवड्यात तुम्ही दूधही आणले असेल, औषधेही आणली असतील, कोणाला तरी दारात भेटला असाल. संसर्ग त्यांतल्या कशातून झाला, हे तुम्हाला माहीत नाही आणि ते कोणालाही कळणे शक्य नव्हते. मन मात्र ‘माहीत नाही’ हे उत्तर सहन करण्यापेक्षा ‘मी केले’ हे उत्तर पत्करते, कारण दोषात निदान कारण तरी सापडते. दोषी ठरणे वेदनादायक असले, तरी जग आपल्या हाताबाहेर होते हे मान्य करणे त्याहून अधिक भयंकर वाटू शकते. तुमच्या अपराधीपणाच्या तळाशी मला हे दिसते.

तुम्ही एका रात्रीत केलेल्या फोनांविषयी एकाच वाक्यात लिहिले आहे आणि बँकेविषयी चार. एप्रिल २०२१ मध्ये या शहरांत बेड, ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिर यांच्यासाठी हजारो घरांतली माणसे तशीच रात्रभर फोनवर होती. ती टंचाई तुमच्या हिमतीने भरून निघणारी नव्हती. मुलांना जे शिकवत आलात ते चुकीचे नाही, पण त्याची दुसरी बाजूही त्यांना सांगायला हवी, आणि ती तुमच्या तोंडून ऐकली तर त्यांना पटेल. आजोबांचे आजारपण त्यांनीही पाहिले आहे; तुम्ही ते एकट्याने वाहत आहात हे त्यांना कळत असणारच.

हा विचार इतक्या वर्षांनंतरही रोज येत असेल, झोप, काम किंवा माणसांत मिसळणे त्यामुळे अडत असेल, तर केवळ वाचनाने तो सुटेल असे मी म्हणणार नाही. दीर्घकाळ न ओसरणाऱ्या शोकावर परिणामकारक उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते. कळव्याहून जवळच असलेल्या ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. १९०१ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेचे नाव घेताच अनेकांच्या अंगावर काटा येतो, पण तिथे बाह्यरुग्ण म्हणून जाऊन बोलणे हे दातांच्या डॉक्टरकडे जाण्याइतकेच साधे असले पाहिजे.

प्रश्न : माझे वय ७६. साथीत मुलगा आणि सूनबाई यांनी मला काही म्हणजे काही करू दिले नाही. भाजी निवडणेही बंद. त्यांनी ते प्रेमानेच केले, पण त्या वर्षात मी जितकी म्हातारी झाले तितकी आधीच्या दहा वर्षांत झाले नव्हते. आता सगळे पूर्ववत झाले, तरी माझी कामे काही मला परत मिळाली नाहीत. (ज्येष्ठ नागरिक, नेरुळ)

उत्तर : आजी, आपण जे लिहिले आहे ते एका प्रसिद्ध अभ्यासाशी जुळते. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमाचे दोन मजले निवडले. एका मजल्यावरील वृद्धांना खोलीची मांडणी, चित्रपट पाहण्याचा दिवस असे निर्णय स्वतः घेण्यास सांगितले आणि प्रत्येकाला निवडीने घेतलेले एक रोप सांभाळायला दिले. दुसऱ्या मजल्यावर रोपे दिली, पण पाणी परिचारिका घालत आणि ‘तुमची सगळी काळजी आम्ही घेऊ’ असे सांगितले गेले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक सावध, अधिक आनंदी आणि अधिक हालचाल करणारी दिसली. दुसऱ्या मजल्यावरही मायेत कमतरता नव्हती, जशी आपल्या घरातही नव्हती.

मुलगा आणि सूनबाईंना मी एवढेच सांगेन की, आईंची कामे परत देताना ती खरी असावीत, मन रमवण्यासाठी शोधलेली नसावीत, आणि एकदा दिली की काढून घेऊ नयेत. रिचर्ड शुल्झ यांच्या अभ्यासात ज्या वृद्धांना विद्यार्थ्यांच्या भेटीची वेळ ठरवता येत होती किंवा आधी कळत होती, त्यांची प्रकृती भेटी चालू असताना सुधारली, पण उपक्रम संपून भेटी थांबल्यावर तीच माणसे अधिक ढासळली. आपण स्वतःहून एक काम मागून घ्या, उदाहरणार्थ महिन्याचे वाणसामान काय आणायचे ते ठरवणे, आणि त्यात चूक झाली तरी ते आपल्याकडेच राहील असे आधीच वदवून घ्या.

प्रश्न : मी आधीपासूनच चिंता करणारी आहे. स्वभाव बदलता येतो का, की पुढच्या साथीतही माझे असेच होणार? (विद्यार्थिनी, खारघर)

उत्तर : काही अंशी येतो. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा समुपदेशन आणि उपचारांमुळे चिंताप्रवण स्वभावात लक्षणीय फरक पडल्याचे आढळले आणि उपचारांचा सरासरी कालावधी सुमारे २४ आठवडे होता. तुम्ही निर्धास्त माणूस होणार नाही, आणि तशी गरजही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की, साथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचे प्रमाण जगभर २५ टक्क्यांनी वाढले आणि त्याची अधिक झळ तरुणांना व स्त्रियांना बसली. तुमच्यावर जे ओढवले ते सगळेच तुमच्या स्वभावातून आलेले नव्हते.

प्रश्न : मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. साथीत आम्ही मोलकरणींना बंदी, गेटवर नोंद, लिफ्टमध्ये दोनच माणसे असे अनेक नियम केले. काहींनी ते मुकाट पाळले, काही रोज भांडत. पुन्हा अशी वेळ आली तर सभासदांचा ताण कमी राहील असे काही आम्हाला करता येईल का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : करता येईल, आणि तुमचे पत्र पाहून मला फार बरे वाटले, कारण नियंत्रणाच्या भावनेविषयी बोलताना आपण सगळा भार ज्याला ताण आला त्याच्या मनावर टाकतो आणि ते नियंत्रण देणारे किंवा काढून घेणारे कोण होते, हे विचारत नाही.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेले गोंगाटावरील प्रयोग तुम्हाला उपयोगी पडतील. सहभागींना मोठा, अनियमित आवाज ऐकवत. एका गटाला एक बटण दिले होते : सहन झाले नाही तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही आवाज थांबल्यानंतर दिलेल्या कोड्यांत आणि मुद्रितशोधनात हा गट बटण नसलेल्या गटापेक्षा सरस ठरला. दोघांनी ऐकलेला आवाज सारखाच होता. ठराविक अंतराने येणारा आवाजही अवचित येणाऱ्या आवाजापेक्षा कमी बाधला.

आता आपण काय अनुभवले ते आठवा. देशव्यापी टाळेबंदी प्रथम १४ एप्रिल २०२० पर्यंत होती, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. जुलैमध्ये ठाणे आणि नवी मुंबईत पुन्हा कडक टाळेबंदी लागली आणि तीही वाढवली गेली. सर्वसामान्य प्रवाशांसाठी मार्च २०२० मध्ये बंद झालेली लोकल १ फेब्रुवारी २०२१ रोजी ठराविक वेळांपुरती सुरू झाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि दोन डोस घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्टला खुली झाली. यांतील बरेचसे निर्णय अटळ असतील, पण प्रत्येक वेळी लोकांनी मनाशी बांधलेली तारीख मोडली.

सोसायटीला साथ थांबवता येणार नाही, पण बटण देता येईल. नियम लावताना त्याचे कारण, तो किती दिवसांसाठी आहे आणि पुनर्विचार कोणत्या तारखेला होणार, हे नोटिशीत लिहा. अपवाद मागण्याचा मार्ग ठेवा आणि त्यासाठी फोन कोणाला करायचा त्याचे नाव द्या. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांसाठी मदतनीस लागणाऱ्या घराला बंदी सरसकट लागू करू नका. मोलकरणीही ताण भोगणारी माणसे आहेत, तेव्हा बंदीच्या काळात त्यांचा पगार चालू राहील की नाही हे पहिल्याच दिवशी त्यांना कळले पाहिजे. जे निर्णय प्रत्येक घराला घेता येतील ते समितीने घेऊ नयेत : पार्सल दारात मागवायचे की गेटवरून आणायचे, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे. रोज भांडणाऱ्यांपैकी एकाला गेटवरील व्यवस्थेची जबाबदारी द्या. त्यांच्यातले बरेच जण सूत्रे हातातून गेली म्हणून भांडत असतात. मुकाट राहिलेल्यांकडेही एखादी फेरी मारा, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे, कारण तक्रार करून काही होत नाही असे ज्याच्या मनाने एकदा धरले, तो तक्रार करणे सोडून देतो. आणि पुनर्विचाराची तारीख आली की, नियम तोच ठेवायचा असला तरी, त्या दिवशी संध्याकाळच्या आत नवी नोटीस फलकावर लावा.